घराची पहिली रक्कम आणि आपली समीक्षा

दलित साहित्यात घर नाही, अशी तक्रार कोणी करणार नाही. गावकुसाबाहेरचे छप्पर आहे, चाळीतली खोली आहे, फुटपाथ आहे, गाढवाच्या पाठीवर लादलेला संसार आहे. जवळजवळ नाही ते विकत घेतलेले घर. आणि त्याहूनही नाही ती त्या घरासाठी वर्षानुवर्षे साठवलेली पहिली रक्कम. ही उणीव आपल्या समीक्षेला उणीव वाटली नाही. उलट ती निष्ठेची खूण मानली गेली. ही भूमिका एकदा तपासून पाहिली पाहिजे.

प्रथम भाड्याच्या खोलीकडे पाहू. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि खरे काय ते कळताच काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढले. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत परगावी नोकरी लागलेला तरुण आहे. त्यालाही जागेसाठी जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडते तेव्हा मार खावा लागतो. दोन्हीकडे पगार होता, जागा नव्हती. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तला (१९८०) भटका संसार आणि दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) मुंबईचा कावाखाना, यांनी बेघरपणाचे हे चित्र पुरे केले. समीक्षेने त्याला 'विदारक वास्तव' म्हटले आणि ती तिथेच थांबली. कावाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाने पुढे घर कसे केले, हा प्रश्न तिला पडला नाही.

शेजारी प्रस्थापितांच्या साहित्यातले घर ठेवून पाहा. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात बापाच्या मृत्यूनंतर मुले जमतात. वाडा ढासळतो आहे, पण घरात सोने आहे, जमीन आहे, म्हणून वादही आहे. नाटक समर्थ आहे यात शंका नाही. मात्र त्याची शोकांतिका उभी राहते ती काहीतरी शिल्लक होते म्हणून. ढासळायला आधी वाडा असावा लागतो. भीमसेन यांच्या 'घरौंदा' (१९७७) या हिंदी चित्रपटात मुंबईतले दोन नोकरदार तरुण-तरुणी फ्लॅटसाठी पै-पै जमवतात आणि बिल्डर त्यांना बुडवतो. त्यांची कोंडी खरी आहे. पण शहरात घराच्या आड येतो तो फक्त पैसा, असे त्या कथेने गृहीत धरले आहे. जात हा प्रश्न तिला पडत नाही.

आणि पैसा तरी जातीवेगळा असतो काय? हिशेबच मांडू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. ४० लाखांचे घर घ्यायचे तर ८ लाख आपले. शहरात मुद्रांक शुल्क सुमारे सहा टक्के धरले तर २ लाख ४० हजार आणखी, शिवाय नोंदणीचे ३० हजार. म्हणजे किल्ली हाती येण्यापूर्वी १० लाख ७० हजार रुपये रोख हवेत. कर्जाचा हप्ता पगारातून जातो. ही रक्कम पगारातून सहसा येत नाही. ती मागच्या पिढीकडून येते. बापाच्या भविष्य निर्वाह निधीतून, आईच्या पाटल्यांतून, गावाकडची दोन एकर विकून येते. ज्याची मागची पिढी दुसऱ्याच्या बांधावर राबली, त्याच्याकडे ती कुठून यावी?

आमच्याकडे जमीन नव्हतीच असे नाही. महारकीच्या वतनाची होती. त्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. ते योग्यच झाले. पण जमीन परत मिळाली ती अटींसह. शासनाचा नजराणा भरल्याखेरीज ती मोकळेपणी विकता येत नाही. सहकाऱ्याची दोन एकर त्याच्या फ्लॅटच्या कामी येते. आमची दोन एकर कचेरीच्या फायलीत राहते. दोघांचा पगार सारखा, श्रेणी सारखी. इथे विषमता दिसत नाही, म्हणून ती नाही असे म्हणायचे काय?

मी महाविद्यालयात शिकवतो. घरात पदवी घेतलेला मी पहिला. पगाराच्या तारखेला गावाकडच्या घराचे पत्रे, आईचे औषध, धाकट्याची फी आणि जयंतीची वर्गणी एकदम उभी राहतात. यातले काहीही टाळण्यासारखे नाही, आणि टाळावे असे वाटतही नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या मित्रांची तर बँकेत डाळच शिजत नाही. त्यांच्याकडे पदव्या आहेत, पण बारा महिन्यांच्या पगाराचा कागद नाही.

बरे, रक्कम जमली म्हणून दार उघडेलच असेही नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. प्रश्न पारशी समाजाचा नाही. त्या तत्त्वाच्या आडोशाला उद्या कोणीही उभे राहू शकतो. बडोद्यात काठ्या लागल्या होत्या, इथे उपविधी पुरला.

असे असताना आपल्याकडे घर घेणाऱ्याची संभावना कशी होते? 'फ्लॅट झाला, आता चळवळ सुटली', 'दलित ब्राह्मण झाला'. या टीकेत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दारावरच्या पाटीत आडनाव बदलणारे, वस्तीतल्या नातलगांना सोसायटीत येऊ नका म्हणणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांच्याविषयी कठोरपणे लिहिले पाहिजे. परंतु परळच्या चाळीतल्या खोल्यांतून दादरच्या 'राजगृहा'त गेलेल्या बाबासाहेबांना कोणी पांढरपेशा म्हणाले नाही. ते घर पुस्तकांसाठी बांधले होते आणि त्याचे दार समाजाला उघडे होते. तेव्हा घर घेतले की नाही, ही कसोटीच चुकीची आहे. ते कशाच्या बळावर उभे राहिले आणि त्याचे दार कोणाला उघडते, ही कसोटी हवी.

ही कसोटी लावली की वाचनही बदलेल. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई विणत असलेल्या टोपल्यांकडे आपण कष्टाचे प्रतीक म्हणून पाहतो. त्या टोपल्यांवर घर चालत होते, म्हणजे ते भांडवल होते. ते कोणाच्या शिक्षणात मुरले आणि आईच्या नावावर त्यातले काय राहिले, हे विचारायला हवे. आपल्या बहुतेक पहिल्या रकमांत अशा कोणा बाईची न लिहिलेली मजुरी असते. सातबारावर ती नसते, खरेदीखतावर नसते. निदान साहित्यात तरी ती यावी.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले. बँक घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा मागते. पहिल्या पिढीचा नोकरदार या दोन हिश्श्यांच्या मध्ये उभा आहे. कधी एक चुकवतो, कधी दुसरा. ही ओढाताण म्हणजे विद्रोहाचा शेवट नव्हे, तो आजचा अनुभव आहे. तो लिहायचा तर लाज आणि फुशारकी दोन्ही बाजूला ठेवून, आकड्यांसकट लिहावा लागेल. आत्मकथनांनी भुकेचा हिशेब असाच दिला होता. भाकरी किती होत्या आणि खाणारी तोंडे किती, हे त्यांनी लपवले नाही. जे विद्यार्थी आज दलित साहित्यावर प्रबंध लिहीत आहेत त्यांनी झोपडीच्या वर्णनांची आणखी एक यादी करण्यापेक्षा, आपल्याच घरातली बचतीची वही एकदा उघडावी.