झाकली मूठ आणि ताळेबंद : इस्लामी बँकांचा नफा नेमका कशावर ठरतो?

आजचा विषय आहे इस्लामी बँकांची नफाक्षमता. या विषयावर गेल्या पंचवीसेक वर्षांत ढिगाने शोधनिबंध निघाले. त्यातले बरेचसे एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत, आणि माझी तक्रार त्या साच्याबद्दल आहे. हे निबंध ज्या आकड्याला नफा म्हणतात, तो आकडा बँकेने आधीच हात फिरवून ठेवलेला असतो, आणि तो हात कसा फिरला हे निबंधात कुठेच येत नाही. एवढं एकच आज मला सांगायचं आहे. बाकीचं त्याच्या पुराव्यादाखल.

ज्यांना या बँकांचं कामकाज माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही, हा मूळ नियम. मग बँक कमावते कशी? समजा, तुम्हाला गाडी हवी आहे. बँक ती गाडी स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून तुम्हाला हप्त्याने विकते. याला मुराबहा म्हणतात. भाड्याने दिली तर इजारा. भागीदारीत धंद्याला पैसे घातले तर मुशारका. ठेवीच्या बाजूला मुदारबा असतो. ठेवीदार पैसे देतो, बँक ते वापरते, आणि नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. प्रमाण ठरलेलं असतं, रक्कम नाही. आणि बँकेचा निष्काळजीपणा नसताना तोटा झाला, तर तो ठेवीदाराने सोसायचा. निदान पुस्तकात तरी असं आहे.

हा सिद्धान्त मांडणाऱ्यांमध्ये अलीगढचे डॉ. नेजातुल्ला सिद्दिकी यांचं नाव मोठं आहे. १९८२ साली त्यांना किंग फैसल पारितोषिक मिळालं. त्यांच्या पिढीचं म्हणणं सरळ होतं. ठेवीदार बँकेचा भागीदार, बँक उद्योजकाची भागीदार, आणि चढउतार तिघांनी मिळून सोसायचा.

आता त्या निबंधांकडे येऊ. अब्देल-हमीद बशीर यांचा २००३ चा अभ्यास घ्या. मध्यपूर्वेतले आठ देश आणि १९९३ ते १९९८ हा काळ. या क्षेत्रातला हा पायाचा अभ्यास मानला जातो आणि तो प्रामाणिकपणे केलेला आहे. भांडवल भक्कम असलेल्या बँका जास्त नफा करतात, करांचा बोजा नफा खातो, देशाची अर्थव्यवस्था चांगली चालली की बँकही चांगली चालते, असे त्याचे निष्कर्ष. नंतर आलेल्या शेकडो निबंधांनी हीच यादी पुढे नेली : बँकेचा आकार, भांडवल, खर्चाचं प्रमाण, थकीत कर्जं, महागाई, राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ. एका बाजूला हे सगळं, दुसऱ्या बाजूला मालमत्तेवरचा परतावा, मध्ये रिग्रेशन. देश बदला, वर्षं बदला, निबंध तयार.

या यादीत चूक काही नाही. पण एक प्रश्न विचारून बघा. ही यादी सांगलीच्या एखाद्या सहकारी बँकेला लावली, तर काही बदलावं लागेल का? काहीच नाही. मग या निबंधांत इस्लामी बँकेची म्हणून जी खासियत आहे, ती आली कुठे? इथेच घोडं पेंड खातं.

आता थोडे आकडे बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवले आहेत, कुठल्या बँकेचे नाहीत. ठेवी १,००० कोटी. करारानुसार उत्पन्नातले ६० टक्के ठेवीदारांचे, ४० टक्के बँकेचे. बँकेचा स्वतःचा खर्च १२ कोटी. पहिल्या वर्षी उत्पन्न झालं ६० कोटी. ठेवीदारांच्या वाट्याला ३६ कोटी, म्हणजे ३.६ टक्के. पण शेजारची व्याजी बँक देते आहे ४.५ टक्के. करार पाळायचा म्हटलं तर ठेवीदार उठून शेजारी जाणार. म्हणून बँक आपल्या २४ कोटींतले ९ कोटी ठेवीदारांना आपणहून देऊन टाकते. या देणगीला हिबा म्हणतात. बँकेकडे राहिले १५, खर्च वजा जाता नफा ३ कोटी.

दुसऱ्या वर्षी उत्पन्न ८० कोटी. आता बँक काय करते? वाटणीच्या आधीच ५ कोटी बाजूला काढते. याला नफा समकरण राखीव निधी म्हणतात. उरलेल्या ७५ कोटींचे ६० टक्के म्हणजे ४५ कोटी. ठेवीदारांना बरोब्बर ४.५ टक्के! बँकेचे ३०, खर्च वजा जाता नफा १८ कोटी.

तिसऱ्या वर्षी उत्पन्न पुन्हा ६०. राखीव निधीतले ५ काढून त्यात घातले, झाले ६५. त्यातले ३९ ठेवीदारांचे, ४.५ टक्के गाठायला बँक आपल्या २६ मधून ६ देते, उरतात २०. खर्च वजा जाता नफा ८ कोटी.

आता पहिलं आणि तिसरं वर्ष शेजारी ठेवा. ठेवी त्याच, उत्पन्न तेच, खर्च तोच, शेजारच्या बँकेचा दरही तोच. नफा एकदा ३ आणि एकदा ८. फरक पडला तो फक्त मागच्या वर्षी बाजूला ठेवलेल्या पैशामुळे. आपला निबंधकार मात्र हा फरक महागाईत शोधणार, राष्ट्रीय उत्पन्नात शोधणार, आणि बिचाऱ्याला काहीतरी सापडणारसुद्धा.

आणि ठेवीदाराच्या बाजूने बघा. त्याला तिन्ही वर्षं ४.५ टक्केच मिळाले. बँकेत चढउतार झाला हे त्याला कळलंच नाही. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो राखीव निधी म्हणजे ती झाकली मूठ आहे.

हे फक्त गणित नाही. इजिप्तमधल्या ‘इंटरनॅशनल इस्लामिक बँक फॉर इन्व्हेस्टमेंट अँड डेव्हलपमेंट’ या बँकेने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपला सगळा नफा ठेवीदारांना वाटला आणि भागधारकांना काहीच दिलं नाही. १९८८ साली तर झालेल्या नफ्यापेक्षाही जास्त रक्कम ठेवीदारांना दिली आणि फरक ‘पुढे ओढलेला तोटा’ म्हणून हिशोबात दाखवला. या जोखमीला पुढे नाव मिळालं, विस्थापित व्यावसायिक जोखीम. म्हणजे जी जोखीम कराराने ठेवीदाराची, ती बाजाराच्या धाकाने सरकून भागधारकाच्या अंगावर येते. क्वालालंपूरच्या इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्डाने तर भांडवल पर्याप्ततेच्या सूत्रात यासाठी ‘अल्फा’ नावाचा एक गुणक घातला. तो शून्य असेल तर तोटा पूर्ण ठेवीदाराचा, एक असेल तर पूर्ण बँकेचा. नियामकाला जी गोष्ट सूत्रात घालावीशी वाटली, ती नफ्यावरच्या बहुतेक निबंधांत चल म्हणूनही येत नाही.

काही अभ्यासक मात्र थेट तिथपर्यंत पोचले. चाँग आणि लिऊ या दोघांचा मलेशियावरचा २००९ चा निबंध बघा. त्यांनी साधा प्रश्न विचारला : इस्लामी ठेवींवरचा परतावा व्याजी ठेवींच्या दरामागे चालतो का? उत्तर आलं, हो, अगदी मागोमाग चालतो. आणि खऱ्या अर्थाने नफातोटा वाटून घेणारा वित्तपुरवठा जवळपास नगण्य. कितीतरी मोठ्या रिग्रेशनपेक्षा हा एक निबंध मला जास्त शिकवून गेला.

मलेशियातच पुढे जे झालं ते याहून बोलकं आहे. २०१३ च्या इस्लामी वित्तसेवा कायद्याने तिथे ठेव आणि गुंतवणूक खातं यांची फारकत केली. ठेव म्हणाल तर मुद्दल परत मिळण्याची हमी आणि विम्याचं संरक्षण. गुंतवणूक खातं म्हणाल तर तोट्याची तयारी ठेवा. आता बघा, सिद्धान्त खरा असता तर लोकांनी काय निवडलं असतं? प्रत्यक्षात मुदारबा ठेवींची जागा मोठ्या प्रमाणावर तवर्रुक पद्धतीच्या ठेवींनी घेतली. तवर्रुक म्हणजे वस्तूची खरेदी आणि लगेच पुनर्विक्री. मलेशियात ही वस्तू बहुतेकदा पामतेल असते, आणि व्यवहार २००९ साली सुरू झालेल्या ‘बुर्सा सूक अल-सिला’ या इलेक्ट्रॉनिक बाजारात काही क्षणांत होतो. ठेवीदाराला तेल नको असतं, बँकेलाही नको असतं. हातात उरतो तो आधीच ठरलेला परतावा.

मी याची थट्टा करत नाही. माणसाला आपली पुंजी सुरक्षित हवी असते, त्यात गैर काय? पण मग नफ्याचा अभ्यास करताना कबूल करा, की बँकेच्या नफ्यावरचा एक मोठा दाब म्हणजे शेजारच्या व्याजी बँकेचा दर.

आता दुसरा मुद्दा, ठेवीदाराची श्रद्धा. हीसुद्धा नफ्याचा घटक आहे, आणि साधासुधा नाही. सौदी अरेबियातली अल राजही ही मालमत्तेच्या हिशोबाने जगातली सर्वांत मोठी इस्लामी बँक. वर्षानुवर्षं तिच्या बहुतांश ठेवी चालू खात्यांत होत्या, ज्यांवर बँक काहीही देत नाही. व्याज नको म्हणून लोक परतावाच घेत नव्हते. म्हणजे बँकेला कच्चा माल जवळपास फुकट. निबंधात या बँकेचा नफा ‘आकार’ आणि ‘कार्यक्षमता’ यांच्या खात्यावर जमा होतो.

पण ही श्रद्धाही दरापुढे पूर्ण अढळ नसते. रियाल डॉलरला बांधलेला असल्यामुळे २०२२ पासून अमेरिकेत दर चढले तसे सौदीतही चढले. आधीच्या वर्षांत बँकेने घरांसाठी दीर्घ मुदतीचा, ठरलेल्या दराचा पुरवठा भरपूर केलेला होता. तिकडचं उत्पन्न अडकलेलं, आणि इकडे मुदत ठेवींवर जास्त द्यायची वेळ आली. नफ्याचा फरक आकसला. मुराबह्याची किंमत एकदा ठरली की वाढवता येत नाही, हे इथे लक्षात ठेवा. हप्त्याला उशीर झाला तर दंड लावता येतो, पण तो साधारणपणे धर्मादाय कामाला द्यावा लागतो, बँकेच्या उत्पन्नात धरता येत नाही.

तिसरा मुद्दा कायद्याचा. मुराबह्यात घर दोनदा विकलं जातं, आधी बँकेला, मग ग्राहकाला. म्हणजे मुद्रांक शुल्क दोनदा! ब्रिटनने २००३ साली कायदा बदलून हा दुहेरी बोजा काढला, तेव्हा कुठे तिथे हा व्यवहार परवडू लागला. आपल्याकडे १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम ८ बँकेला मालाची खरेदीविक्री करू देत नाही. तिथे मुराबहा दारातच अडतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेने मात्र पुढे जायचं नाही असं ठरवल्याचं २०१७ मध्ये माहिती अधिकारातून समोर आलं. असे भिन्न कायदे असलेले पंधरावीस देश एकाच तक्त्यात घालायचे आणि सरासरी काढायची, याला काय म्हणावं? इराणमध्ये सगळीच बँकव्यवस्था कायद्याने बिनव्याजी आहे. तिथे शेजारी व्याजी बँकच नाही. मलेशियात ती प्रत्येक चौकात आहे. दोघांचा नफा एकाच सूत्राने कसा समजणार?

शेवटी २००८ च्या संकटाबद्दल थोडक्यात. नाणेनिधीतल्या हसन आणि द्रिदी यांचा २०१० चा अभ्यास सांगतो, की २००८ मध्ये इस्लामी बँकांचा नफा इतरांपेक्षा टिकला, पण २००९ मध्ये काही देशांत जास्त घसरला, कारण जोखीम सांभाळण्यात त्या कमी पडल्या. लोक सोयीने पहिलं अर्धं वाक्य सांगतात. दोन्ही अर्धी एकत्र वाचा. विषारी रोख्यांपासून त्या दूर होत्या हे खरं, आणि जमीनजुमल्यात अडकल्या होत्या हेही खरं.

वेळ संपत आलीय, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, म्हणजे या बँका फक्त नाव बदललेल्या बँका आहेत असं म्हणायचं आहे का?

उत्तर : नाही. तसं असतं तर वर सांगितलेली एकही गोष्ट घडली नसती. दंड उत्पन्नात धरता न येणं, किंमत अडकणं, फुकट ठेवी, कायद्याचा दुहेरी खर्च, हे सगळे खरेखुरे फरक आहेत आणि नफ्यावर त्यांचा परिणाम होतो. माझी तक्रार अशी आहे, की अभ्यासक नेमके हेच फरक सोडून बाकी सगळं मोजतात.

प्रश्न : पण सामान्य ठेवीदाराला याचं काय? त्याला परतावा मिळतोय ना?

उत्तर : मिळतोय तोवर ठीकच. तुर्कस्तानातल्या इहलास फिनान्सचा परवाना फेब्रुवारी २००१ मध्ये रद्द झाला. तिथल्या ठेवींना सरकारी विमा नव्हता, आणि लोकांना आपल्याच पैशासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. संकट येईपर्यंत परतावा मिळतच होता. म्हणून अशा बँकेत पैसे ठेवणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. माझं खातं ठेवीचं की गुंतवणुकीचं? वाटणीआधी राखीव निधीत किती जातं, आणि मी खातं बंद केलं तर त्यातला माझा वाटा कुणाचा? आणि तोटा झालाच तर तो कुणी सोसायचा, हे कुठे लिहिलंय? अहवालात या तिन्हींची उत्तरं नसतील, तर त्यातला नफ्याचा आकडा कितीही चांगला असो, त्यावर विसंबू नये. आणि संशोधक मित्रांनाही माझी विनंती हीच आहे, की पुढचा निबंध लिहिण्याआधी हे तीन प्रश्न आपल्या तक्त्याला विचारा.