ज्युपिटर नोटबुक आणि ब्राउझरची निवड : एक परीक्षण

गद्य, गणिती सूत्रे, प्रोग्राम आणि आलेख एकाच पानावर मांडणारी ज्युपिटर नोटबुक ही वही आज अनेक विद्याशाखांत रूढ झाली आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली आरंभिलेल्या आयपायथनमधून २०११ मध्ये तिचे ब्राउझरमध्ये उघडणारे रूप सिद्ध झाले आणि २०१४ मध्ये ज्युपिटर या नावाने स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. तिच्या गुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत टिपणात तिच्या एका उपेक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे : ही वही कोणत्या ब्राउझरमध्ये उघडावी, हे ठरविण्याची सोय. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु वहीच्या रचनेतील मर्म आणि तिच्या विवरणातील उणीव ही दोन्ही येथे एकत्र पाहावयास मिळतात.

प्रथम रचना पाहू. वही म्हणून जे आपल्यापुढे येते ते वस्तुतः तीन घटकांचे कार्य असते. सर्व्हर फायली सांभाळतो, कर्नल प्रोग्राम चालवितो आणि ब्राउझर केवळ दाखवितो व लिहून घेतो. सर्व्हर आपल्याच यंत्रावर चालू असेल, तर त्याचा पत्ताही त्या यंत्राचाच असतो व पोर्ट बहुधा ८८८८ असते. म्हणून एका ब्राउझरमध्ये उघडलेली वही दुसऱ्यात उघडली तरी ती त्याच कर्नलशी जोडली जाते, आणि ब्राउझर बंद केल्याने चालू असलेली गणना थांबत नाही. दर्शक बदलला तरी वही तीच राहते, हा या रचनेचा मोठा गुण होय.

आता विवरणाकडे वळू. ब्राउझर कायमचा बदलावयाचा तर एक आज्ञा देऊन कॉन्फिगरेशन फाइल तयार करावी लागते. ही फाइल ग्रंथ म्हणून वाचण्याजोगी आहे. तिच्यात प्रत्येक पर्यायाची एक ओळ, म्हणजे सूत्र, आणि त्यावर इंग्रजीत थोडे भाष्य असते. सर्व सूत्रांपूर्वी हॅशचे चिन्ह असल्यामुळे ते काढीपर्यंत ती निष्क्रिय राहतात. ब्राउझरच्या सूत्रात अवतरणचिन्हांमधील जागा कोरी सोडलेली आहे. भाष्य सांगते ते असे : येथे आज्ञा लिहिली तर ती प्रमाण, न लिहिल्यास पायथनचे वेबब्राउझर हे मोड्यूल निर्णय करील, आणि ब्राउझर या नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या निर्णयात फेरफार करू शकेल.

या भाष्यात असत्य काही नाही. तथापि कोऱ्या जागेत नेमके काय लिहावे, याचा एकही नमुना त्यात नाही. ब्राउझरचा पूर्ण मार्ग लिहून त्यापुढे पत्त्याच्या जागी टक्केचिन्ह व एस हे अक्षर ठेवता येते. विंडोजमधील मार्गातील उलट्या तिरप्या रेषेला पायथनमध्ये निराळा अर्थ असतो. या गोष्टी वाचकाला अन्यत्र शोधाव्या लागतात. सूत्र समजावे म्हणून भाष्य असते. येथे भाष्यालाच भाष्याची अपेक्षा उरते.

अर्थात सर्वच गुंतागुंत दोषास्पद नसते. ५.७.२ नंतरच्या आवृत्त्यांत सर्व्हर आपला गुप्त टोकन आज्ञेतून उघड न करता एका लहान फाइलमार्फत ब्राउझरला पोहोचवितो, कारण त्याच यंत्रावरील अन्य वापरकर्त्यांना चालू आज्ञा वाचता येतात. ही दक्षता योग्यच आहे. परंतु विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीत सर्व्हर एकीकडे आणि ब्राउझर दुसरीकडे असल्यामुळे त्या फाइलचा मार्ग ब्राउझरला उमगत नाही. तेव्हा वेगळा पर्याय शोधून ही पद्धत बंद करावी लागते. ब्राउझरच्या सूत्राखाली त्याचा निर्देश असता, तर वाचकाचे श्रम वाचले असते.

यावर कोणी म्हणेल, की संगणकाचा मूळ ब्राउझरच बदलावा म्हणजे झाले. परंतु त्यामुळे एका वहीसाठी इतर सर्व दुवेही नव्या ब्राउझरमध्ये उघडू लागतील. एका वेळेपुरता ब्राउझर आज्ञेतच सांगता येतो, किंवा ब्राउझर न उघडण्याची आज्ञा देऊन टर्मिनलवर छापलेला पत्ता हव्या त्या ब्राउझरमध्ये चिकटविता येतो. नवशिक्यास हा शेवटचा मार्ग सर्वांत सुबोध होय, कारण त्यात सर्व्हर आणि दर्शक यांतील भेद प्रत्यक्ष दिसतो.

हा भेद न कळण्याचे परिणाम किरकोळ नाहीत. क्षेत्रकार्यातील मुलाखतींवर काम करणारा विद्यार्थी, वही ब्राउझरमध्ये उघडली एवढ्यावरून सामग्री इंटरनेटवर गेली असे समजेल आणि उपयुक्त साधन टाकून देईल. याउलट, दूरस्थ सर्व्हरवरील वही आपल्याच यंत्रात आहे असे मानणारा विद्यार्थी निवेदकांची गोपनीयता धोक्यात आणील. दोन्ही वह्या दिसावयास सारख्याच. सामग्री कोठे आहे हे ब्राउझरवरून नव्हे, तर सर्व्हरच्या पत्त्यावरून ठरते.

२०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत ही वही ज्युपिटर सर्व्हरवर आधारली गेली आणि ब्राउझरचा पर्यायही सर्व्हरच्या नावाखाली आला. हे नामांतर यथार्थ आहे : दार कोणते उघडावे हे सांगणारा सर्व्हरच असतो. रचना निर्दोष नसली तरी विचारपूर्वक केलेली आहे. उणी आहे ती तिची ओळख. भाष्यात एक नमुना आणि टोकनच्या फाइलविषयी एक वाक्य घातल्यास ती पुष्कळशी भरून निघेल. तोपर्यंत हे काम अध्यापकांनी करावे, आणि वहीचा पहिला पाठ तिच्या पत्त्यापासून सुरू करावा.