डेटलाइन हरवलेली बातमी

मराठी दैनिकांच्या आणि वाहिन्यांच्या सोशल डेस्कचा हात आता चांगला बसला आहे. रील सफाईदार झाले, कार्डावरची अक्षरे ठळक झाली, ब्रेकिंग काही मिनिटांत फोनवर येऊन पडते. तरीही पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातून पाहिले की या कामातली मोठी उणीव डोळ्यांत भरते. बातमी कुठली आणि कधीची, हेच अनेकदा धड कळत नाही.

१५ जून २०२५ चा रविवार आठवा. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. देशभर ती बातमी ‘पुण्यातला पूल’ म्हणून गेली. देहू, मोशी, आळंदी, सगळीकडे इंद्रायणीवर पूल आहेत. ज्याच्या घरची पोरे सुट्टीला फिरायला गेली होती, त्याला आधी हवे होते ते गावाचे नाव. मृतांचे वेगवेगळे आकडे फिरत राहिले. अखेर अधिकृत संख्या चार ठरली. नवा आकडा नव्या पोस्टमध्ये येतो आणि जुनी पोस्ट चुकीच्या आकड्यासह फिरतच राहते, ही या माध्यमाची जुनी खोड आहे.

छापील अंकात ‘पिंपरी, ता. १५’ अशी सुरुवात करायची शिस्त होती. ठिकाण आणि तारीख आधी, बाकी सगळे नंतर. कार्डावर ती शिस्त गळाली. पवना धरणाच्या विसर्गाचे तारीख नसलेले कार्ड पुढच्या पावसाळ्यातही सोसायटीच्या ग्रुपवर येऊ शकते आणि सांगवी, दापोडीत नदीकाठच्या घरांची झोप उडवू शकते. नुसत्या क्युसेकच्या आकड्याने तिथल्या माणसाला काही कळत नाही. पाणी कुठल्या रस्त्यावर येईल ते सांगावे लागते.

अफवा जीव घेते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. महिनाअखेरीस मराठा आरक्षण आंदोलनात चाकणला बस जळाल्या. अशा दिवशी जुना व्हिडिओ ओळखून थांबवणारा माणूस डेस्कवर हवा.

पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येते. आज कुठे येणार नाही, तळेगाव-चाकण रस्ता कुठल्या चौकात तुंबला, हे कारखान्यांची पहिली पाळी सुटण्याआधी सांगणारी पोस्ट व्ह्यूजमध्ये मागे पडेल. माझ्या लेखी मात्र तीच या कामाचा उत्तम नमुना आहे. एमपीसी न्यूजसारखी स्थानिक पोर्टले असे विषय धरून आहेत. मोठ्या डेस्कनी त्यांच्याकडून हे घ्यावे.

सोशल डेस्कवरच्या स्ट्रॅटेजिस्टचे मोजमाप केवळ रिचवर होते, तोवर हे बदलणार नाही. संपादकांनी त्याला सकाळच्या बैठकीत नगर वार्ताहराशेजारी बसवावे आणि प्रत्येक कार्डावर गाव व तारीख सक्तीची करावी. वाचकांनीही गाव-तारीख नसलेले कार्ड पुढे पाठवू नये.