‘अंशशोधन’ : एका पारिभाषिक संज्ञेची परीक्षा

ज्वालाग्राही वायूची चाहूल घेणाऱ्या उपकरणाच्या ‘कॅलिब्रेशन’ला छापील मराठीत ‘अंशशोधन’ म्हणतात. क्वचित ‘अंशांकन’ही आढळते. बाळापूर तालुक्यात हा केवळ कोशाचा प्रश्न नव्हे. पारस येथे 250 मेगावॉटचे दोन औष्णिक संच आहेत, आणि एवढ्या मोठ्या जनित्रांच्या शीतनासाठी सामान्यतः हायड्रोजन वापरतात. गायगावास पेट्रोलियम पदार्थांचे आगार आहे. अशा ठिकाणी उपकरणावरील आकड्यावर विसंबून माणसास पुढे पाऊल टाकावयाचे असते.

‘शोधन’ हे पद ‘शुध्’ धातूपासून आले असल्याने त्याचा मूळ अर्थ शुद्ध करणे, दुरुस्त करणे असा होतो. मराठी कानाला मात्र त्यात ‘शोधणे’ ऐकू येते. ज्ञात प्रमाणाच्या वायूशी वाचन ताडून पाहणे हे एक कर्म, आणि चुकलेले वाचन जुळवून घेणे हे दुसरे. मापनशास्त्राच्या 2008 सालच्या आंतरराष्ट्रीय परिभाषासंग्रहाने या दोहोंची गल्लत करू नये असे बजावले आहे. मराठी संज्ञेत ती गल्लत घडूनच आलेली आहे. ‘अंशशोधन झाले’ एवढ्या नोंदीवरून संवेदक जुळवण्यापूर्वी किती ढळला होता, म्हणजेच मधल्या काळातील वाचने कितपत विश्वसनीय होती, हे कळत नाही. (दोष एकट्या कोशकारांचा नाही, इंग्रजी शब्दही कारखान्यांतून असाच सैलपणे वापरला जातो.)

दुसरी उणीव षष्ठीची आहे. ‘20 टक्के’ म्हटल्यावर ‘कशाचे?’ हा प्रश्न उरतो. हे टक्के हवेचे नसून स्फोटाच्या किमान मर्यादेचे असतात. मिथेनची ही मर्यादा हवेच्या आकारमानाच्या 5 टक्के धरली, तर 20 टक्के वाचन म्हणजे हवेत अवघा 1 टक्का मिथेन. शिवाय मिथेनवर जुळविलेला उत्प्रेरक मण्याचा संवेदक पेट्रोलच्या बाष्पास बराच कमी, कित्येकदा निम्म्याच्या आसपास, प्रतिसाद देतो. तेव्हा वायूचे नाव गाळलेले वाचन अपुरे तर असतेच, परंतु प्रसंगी ते धोक्याच्या बाजूने चुकते.

सर्वांत अवघड पद ‘शून्य’ हे होय. सिलिकोनच्या बाष्पाने मण्यावरील उत्प्रेरक निकामी झाला, तर भोवती वायू असूनही काटा शून्यावरच राहतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे अभावाचे प्रमाण मानले खरे, पण त्यास योग्यतेची अट घातली : वस्तू असती तर ती निश्चित दिसली असती, अशी स्थिती हवी. संवेदकाची ही योग्यता त्यावर ज्ञात वायू सोडून पाहिल्याविना सिद्ध होत नाही. या छोट्या परीक्षेलाही ‘अंशशोधन’च म्हटले जाते, हे विशेष खटकते. तिला ‘पडताळा’ व जुळवून घेण्यास ‘समायोजन’ म्हणावे, ‘अंशशोधन’ ताडून पाहण्यापुरते राखावे, आणि नोंदवहीत समायोजनापूर्वीचे वाचन व वापरलेल्या वायूचे नाव यांना स्वतंत्र रकाने असावेत.