ग्लो आहे, उजेड कुठाय?

इन्स्टाग्रामवरच्या डिजिटल चित्रांत हल्ली सगळंच चमकतं. केस, दागिने, धुकंसुद्धा. वर 'ग्लो'चा लेअर चढवला की झालं! पण उजेड मात्र दिसत नाही.

सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघा. १९४५-४६च्या सुमाराचं हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तरुणीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. उजेड बोटांतून आरपार येतो, म्हणून बोटं लालसर दिसतात. थ्रीडी सॉफ्टवेअर यालाच 'सबसरफेस स्कॅटरिंग' म्हणतं. हळदणकरांनी ते नुसत्या नजरेनं हेरलं.

जलरंगात कोऱ्या कागदाहून उजळ काही नसतं. स्क्रीनवरही पांढरा २५५वर संपतो. मग दिवा पेटवायचा कसा? भोवतीचा अंधार राखून. हळदणकरांनी तो राखला. आपण सगळीकडे चमक वाटून टाकतो.

माधवनगरात फोनवर बोटानं चित्र काढणाऱ्याला म्हैसूर लांब पडेल, पण एक गोष्ट आजच जमेल. चित्र कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावरही दिवा पेटलेला दिसतोय? नसेल, तर ग्लो बंद करा आणि सावल्यांपासून पुन्हा सुरुवात करा.