चुंबकीय नाभीयन : शिखरे नेमके काय सिद्ध करतात?

काही प्रयोगांची आकृती एकदा पाहिली म्हणजे प्रयोग समजला असा भास होतो. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय नाभीयनाचा प्रयोग या जातीचा आहे. एका अरुंद द्वारातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, लंब चुंबकीय क्षेत्रात अर्धवर्तुळ आक्रमितात आणि शेजारच्या द्वारात शिरतात. क्षेत्र वाढवत नेले की ग्राहकावरील विद्युत्‌दाबात समान अंतरावर शिखरे उमटतात. हे चित्र सुबोध आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अवश्य आहे.

कल्पना मूळची धातूंमधली. शार्विन यांनी १९६५ मध्ये ती मांडली. त्सोइ यांनी १९७४ मध्ये बिस्मथच्या स्फटिकावर आडव्या क्षेत्राची रचना सिद्ध केली. व्हान हाउटेन, बीनाकर, व्हान वेस व त्यांचे सहकारी यांनी १९८८-८९ मध्ये तीच रचना गॅलियम आर्सेनाइडमधील द्विमितीय इलेक्ट्रॉन-वायूत उतरवली. प्रस्तुत टिपणाचा रोख मुख्यतः या डच प्रयोगावर आहे.

पहिला प्रश्न शिखरांच्या स्थानाचा. द्वारांमधील अंतर कक्षेच्या व्यासाच्या पूर्ण पटीत असले की शिखर येते. पहिल्या शिखराचे क्षेत्र म्हणजे फर्मी संवेगाच्या दुपटीस विद्युत्‌भार व अंतर यांच्या गुणाकाराने भागून येणारी राशी होय. प्रतिचौरस सेंटिमीटर सुमारे ३५ हजार कोटी इलेक्ट्रॉन आणि ३ मायक्रोमीटर अंतर घेतल्यास ती सुमारे ०.०६५ टेस्ला येते. या सूत्रात वस्तुमान नाही, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानातून वारंवार निसटते. गॅलियम आर्सेनाइडमधील परिणामी वस्तुमान या शिखरांवरून मोजता येत नाही. मोजला जातो तो संवेग. म्हणूनच २०१३ मध्ये ग्राफीनमध्ये, जेथे वाहकांची ऊर्जा संवेगाच्या सम प्रमाणात वाढते, तेथेही हीच अट लागू पडली. १९९४ मध्ये गोल्डमन, सू व जैन यांनी संयुक्त फर्मिऑनांचा शोध याच मार्गाने घेतला. फिरकी पूर्णपणे एका दिशेस वळलेली असल्याने तेथे फर्मी संवेग वर्गमूळ दोनच्या पटीने मोठा अपेक्षित होता. वस्तुमानाविषयी काहीही गृहीत न धरता या अपेक्षेची परीक्षा घेता येते, हेच या पद्धतीचे खरे बळ.

दुसरा प्रश्न नावाचा. 'नाभीयन' हा शब्द भिंगाची आठवण करून देतो, परंतु येथे सर्व किरण एका बिंदूत मिळत नाहीत. भिंतीच्या लंबाशी कोन करून निघालेला इलेक्ट्रॉन व्यासाच्या त्या कोनाच्या कोज्यापटीइतक्या अंतरावर परततो. लहान कोनांना कोज्या जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे व्यासाच्या टोकाशी मार्गांची दाटी होते. चहाच्या कपात प्रकाशाची जी तेजस्वी वक्र रेषा उमटते, तिच्याच कुळातील ही घटना आहे. तेथे प्रतिमा तयार होत नाही. भिंगाची उपमा वापरणाऱ्याने एवढी मर्यादा सांगितलीच पाहिजे.

पुढच्या शिखरांचा पुरावा वेगळा आहे. दुसरे शिखर यायचे तर इलेक्ट्रॉनाने वाटेत भिंतीवर एकदा आदळून आरशातल्याप्रमाणे परावर्तित व्हावे लागते. भिंत खडबडीत असती तर शिखरे झपाट्याने खुजी झाली असती. ती तशी होत नाहीत, यावरून विद्युत्‌दाबाने निर्मिलेली सीमा गुळगुळीत आहे एवढे निश्चित ठरते. मात्र येथपर्यंत सिद्ध झालेले सर्व काही अभिजात यामिकीत बसते. शिखरे दिसली म्हणजे पुंजयामिकीचे दर्शन घडले, हे विधान घाईचे आहे.

पुंजयामिकीचा पुरावा मोठ्या शिखरांवर आरूढ झालेल्या सूक्ष्म रचनेत आहे. फर्मी तरंगलांबी सुमारे ४० नॅनोमीटर, द्वार त्याच मापाचे. म्हणून उगम कलासंगत ठरतो आणि निरनिराळ्या मार्गांचे व्यतिकरण होते. ही रचना ५० मिलिकेल्व्हिन तपमानास स्पष्ट दिसते. तपमान वाढविले की प्रथम तीच विरते, मोठी शिखरे टिकतात. शिवाय उगम व ग्राहक यांची अदलाबदल करून क्षेत्र उलटे केले असता तीच सूक्ष्म रचना पुन्हा मिळते. म्हणजे ती यादृच्छिक गोंगाट नव्हे. हा पडताळा आमच्या मते त्या निबंधाचा सर्वांत भक्कम भाग होय. याउलट, सिद्धान्ताची भिंत आदर्श आणि उगम बिंदुवत असल्याने त्या गणितातून एकेक सूक्ष्म शिखर जुळण्याची अपेक्षा धरू नये.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती शिखरांच्या उंचीबाबत. २००४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमधील धनभारवाही होलांच्या प्रयोगात पहिले शिखर दुभंगलेले आढळले. दोन फिरक्यांचे संवेग भिन्न आहेत, असा त्याचा अर्थ. स्थानांवरून काढलेला हा निष्कर्ष सबळ आहे. परंतु दोन भागांच्या उंचीच्या गुणोत्तरास फिरकी-ध्रुवणाचे माप मानायचे, तर वाटेतील प्रकीर्णन आणि ग्राहकाची पारगम्यता दोन्ही फिरक्यांस सारखी आहे, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागेल. हे अंतर केवळ आकृती पाहून भरून निघत नाही.

सारांश, शिखराचे स्थान संवेग सांगते, शिखरांची परंपरा सीमेचा गुळगुळीतपणा सांगते, सूक्ष्म रचना कलासंगती सांगते. उंची मात्र या सर्वांचे व द्वारांच्या घडणीचे मिश्रण सांगते. आलेख वाचताना हा अनुक्रम ध्यानी ठेवला, तर प्रयोगाचे मोल कमी होत नाही. उलट त्याने काय जिंकले ते नीट कळते.