पायजमा, चप्पल आणि विमान

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने एक व्हिडिओ काढला. मोहिमेचं नाव मराठीत सांगायचं तर 'प्रवासाचं सुवर्णयुग तुमच्यापासून सुरू होतं'. सुरुवातीला जुन्या काळातली विमानं दिसतात. सुटाबुटातले पुरुष, नीटनेटक्या बायका, हसतमुख हवाई सुंदऱ्या. मागे फ्रँक सिनात्राचं 'कम फ्लाय विथ मी'. मग एकदम आजचं विमान येतं : गुद्दागुद्दी, आरडाओरडा, अनवाणी पाय. आणि मग वाहतूकमंत्री शॉन डफी प्रवाशांना काही प्रश्न विचारतात. गरोदर बाईला बॅग वर ठेवायला मदत करता का? मुलांना आवरता का? विमानातल्या कर्मचाऱ्यांना थँक यू म्हणता का? एकूणच 'प्लीज' आणि 'थँक यू' म्हणता का? आणि यांच्यामध्ये एक : मान राखणारे कपडे घालता का?

थँक्सगिव्हिंगच्या गर्दीच्या तोंडावर पत्रकारांशी बोलताना त्यांनी हे आणखी सोपं करून सांगितलं. जीन्स आणि बरासा शर्ट चालेल, पण विमानतळावर पायजमा आणि स्लिपर्स घालून येऊ नका. लोकांनी लगेच पायजमे घालून विमानतळावर रील्स काढली. ते अपेक्षितच होतं.

मला त्या रील्सपेक्षा मूळ व्हिडिओ जास्त लक्ष देऊन पाहावासा वाटला. एखाद्या शॉर्टफिल्मचं परीक्षण करावं तसं त्याचं परीक्षण करायला हवं, कारण तो काय म्हणतो त्याहून तो कसा जोडला आहे यात त्याचा खरा डाव आहे. सिनेमातली ही जुनी युक्ती आहे. दोन चित्रं शेजारी ठेवायची, नातं प्रेक्षक आपणहून जोडतो. इथे कोट घातलेला माणूस आणि शांत विमान शेजारी आहेत, ढगळ पँटचा माणूस आणि मारामारी शेजारी आहेत. पायजम्यामुळे मारामारी होते असं एकदाही म्हटलेलं नाही. म्हणावं लागतच नाही.

खात्याने सोबत एक आकडाही दिला : २०१९पासून विमानातल्या गोंधळाच्या घटना ४०० टक्क्यांनी वाढल्या. आकडा दचकवणारा आहे. पण ही वाढ शिगेला पोचली ती २०२१ साली. त्या एका वर्षात जवळपास सहा हजार तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या चार हजारांहून जास्त मास्कवरून होत्या. म्हणजे भांडण कपड्यावरूनच होतं म्हणायला हरकत नाही, फक्त तो कपडा नाकातोंडावर बांधायचा होता. आणि तो न बांधणारे सगळे पायजम्यात होते असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता त्या सुवर्णयुगाकडे वळू. १९७८पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानाचं तिकीट किती असावं हे सरकारी मंडळ ठरवत असे. कंपन्यांना भाड्यात स्पर्धा करता येत नव्हती, म्हणून त्या जेवणात, जागेत आणि झगमगाटात स्पर्धा करत. तिकीट महाग, त्यामुळे प्रवासी मोजके आणि बहुतेक खिसा भरलेले. अशा ठिकाणी लोक सूट घालून येतात यात सभ्यतेइतकाच परवडण्याचाही वाटा असतो. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक विमानतळांवर काळ्या लोकांसाठी वेगळी प्रतीक्षालयं होती, ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. कृष्णधवल चित्रांमध्ये ती भिंत दिसत नाही. विमानात सिगारेटचा धूर भरलेला असे, तोही या व्हिडिओत दिसत नाही.

आणि त्या हसतमुख हवाई सुंदऱ्या? प्रवाशाने काय घालावं हा त्या काळात संकेत होता, पण यांनी काय घालावं हा नोकरीचा करार होता. अमेरिकेतल्या कंपन्या त्यांचं वजन तपासत, लग्न झालं की काढून टाकत, तिशी उलटली की घरी पाठवत. ब्रॅनिफ कंपनीने १९६५मध्ये एमिलिओ पुच्ची या फॅशन डिझायनरकडून गणवेश करून घेतला आणि त्याची जाहिरात चक्क 'एअर स्ट्रिप' या नावाने केली : विमान पुढे जाईल तशी एकेक कपडा उतरवणारी बाई. 'मान राखणारे कपडे' म्हणताना डफींच्या डोळ्यांपुढे हे सुवर्णयुग बहुधा नसावं.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. एअर इंडियाच्या हवाई सुंदऱ्यांना पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच, किंवा पहिल्या गरोदरपणात निवृत्त व्हावं लागे. नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचं कलम रद्द केलं, चार वर्षांच्या लग्नबंदीचं मात्र ठेवलं. सुवर्णयुगाच्या फोटोत साडी नेटकी दिसते, करार दिसत नाही.

या व्हिडिओबद्दल माझी खरी तक्रार मात्र इतिहासाची नाही, त्याच्या तारखेची आहे. विमानाला कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला रोख भरपाई मिळावी, असा प्रस्ताव आधीच्या सरकारने मांडला होता. रक्कम दोनशे डॉलरपासून पुढे होती. याच खात्याने तो प्रस्ताव नोव्हेंबर २०२५मध्येच मागे घेतला, आणि काही दिवसांत प्रवाशांना कपड्यांवरून बोल लावणारा हा व्हिडिओ आला. आसनाच्या दोन रांगांमधलं अंतर काही स्वस्त कंपन्यांत २८ इंचांवर आलंय, बॅगेचे वेगळे पैसे, खिडकीचे वेगळे पैसे, आणि सुवर्णयुग आणायची जबाबदारी मात्र ज्याने हे सगळे पैसे भरले त्याची. गाणं छान निवडलंय, एवढं मान्य करतो.

या सगळ्यात मला सगळ्यात गंमत वाटली ती 'पायजमा आणि स्लिपर्स' या जोडीची. पायजमा हा शब्द आपल्याकडचा. फारसीतून आला, 'पायात घालायचा कपडा' एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजांनी तो इथे पाहिला, आवडला म्हणून झोपताना घातला, आणि झोपण्याचा कपडा म्हणून जगभर नेला. आपल्याकडे तो कधीच झोपण्यापुरता नव्हता. झब्बा-पायजमा घालून माणूस लग्नाला जातो, कवितावाचनाला जातो, मंत्रिपदाची शपथ घेतो. साताऱ्या-सांगलीकडचा एखादा आजोबा परदेशात नातवाकडे निघाला तर काय घालेल? परीटघडीचा सदरा-लेंगा, डोक्यावर पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी. हा त्याचा सगळ्यात मानाचा पोशाख आहे. डफींच्या व्याख्येत मात्र तो माणूस पायजमा आणि चपला घालून आलाय.

चपलेवरून शिमला आठवतं. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतलं पहिलं विमान तिथून सुटलं, तेव्हा पंतप्रधान मोदींनी म्हटलं होतं की हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसायला हवा. त्याच दिवशी त्यांनी नांदेड-हैदराबाद विमानालाही झेंडा दाखवला. एका तासाच्या प्रवासाला, ठरावीक आसनांपुरतं, अडीच हजार रुपये भाडं. नांदेडचं विमान चालवणारी ट्रुजेट कंपनी २०२२मध्ये ठप्प झाली, तेव्हा त्या घोषणेचं पुढे काय झालं हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. पण घोषणा म्हणून दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. एका देशात चप्पल विमानात आली म्हणजे प्रगती झाली असं सांगितलं जातं, दुसऱ्या देशात चप्पल विमानात आली म्हणजे ऱ्हास झाला असं. दोन्हीकडे विषय पायातल्या वस्तूचा नाहीच. आत कोण आलंय, हा आहे.

आपण लगेच छाती फुगवायचं कारण नाही. २००९मध्ये शशी थरूर यांनी इकॉनॉमी क्लासला 'कॅटल क्लास' म्हटल्यावर देशभर गदारोळ झाला, पण तोच शब्द आजही आपल्या ऑफिसांत हसत हसत वापरला जातो. विमानात डबा उघडून चटणी-पोळी खाणाऱ्या कुटुंबाकडे, किंवा विमान थांबायच्या आधी उभं राहणाऱ्या माणसाकडे, आपण कोणत्या नजरेने बघतो? 'एसटी समजतात का' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते बहुतेक एसटीतून कधी न गेलेले लोकच बोलत असावेत.

आता उलट बाजू. नटून विमानात बसण्यात काही वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. माझी मावशी पहिल्यांदा विमानात बसली ती साठीत, ठेवणीतली नारायण पेठ नेसून. निऱ्यांना पिना, पदराला पिन, हातात काचेच्या बांगड्यांमध्ये दोन पाटल्या. सुरक्षा तपासणीत पडद्याआड तिच्या अंगावरून तो दांडा फिरला आणि वाजतच राहिला. आतली पोलीस बाई शेवटी म्हणाली, "काकू, लग्नाला निघालात काय?" मावशी म्हणाली, "नाही गं, दिल्लीला." तिच्यासाठी तो प्रसंगच होता आणि प्रसंगाला साजेसं नेसायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिने तो मान आपणहून दिला. हाच मान मंत्र्याने किंवा कंपनीने मागून घेतला की त्याची चव बदलते.

कंपन्या मागतातही. २०१७च्या मार्चमध्ये डेन्व्हरहून मिनिॲपोलिसला निघालेल्या दोन मुलींना युनायटेडने लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नाही. कंपनीचं म्हणणं, त्या कर्मचाऱ्यांच्या पासवर प्रवास करत होत्या आणि पासवाल्यांना वेगळा नियम असतो. नियम होता हे खरं. पण अशा नियमांची ठेच कुणाला लागते ते बघत राहिलात तर यादीत मुली आणि बायकाच जास्त दिसतील. स्पिरिट कंपनीने जानेवारी २०२५मध्ये पारदर्शक कपडे आणि अश्लील गोंदण यांवर लेखी बंदी घातली. निदान लिहून तरी ठेवलं. 'मान राखणारे' हा शब्द त्याहून वाईट, कारण तो कुठल्याही दिवशी, कुठल्याही कर्मचाऱ्याच्या मूडप्रमाणे ताणता येतो.

मग घालावं काय? हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो, फक्त त्याचं उत्तर सभ्यतेत नाही, यंत्रात आहे. केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी असते आणि दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा. पाय सुजतात, गार वाटतं. म्हणून सैल, सुती, थरावर थर घालता येतील असे कपडे, म्हणजे पुन्हा पायजम्याच्या जवळ जाणारंच काहीतरी.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ४४हून जास्त आसनांचं विमान वापरात आणण्याआधी कंपनीला सिद्ध करावं लागतं की निम्मे दरवाजे बंद असतानाही सगळे लोक ९० सेकंदांत बाहेर पडतात. चाचणीत बायका किती, पन्नाशीपुढचे किती, याचीही टक्केवारी ठरलेली आहे, तान्ह्या बाळांच्या जागी बाहुल्याही असतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, तेव्हा आतले सगळेच्या सगळे, ३७९ जण, जिवंत बाहेर आले. सामान जागच्या जागी सोडून. धूर भरलेल्या त्या वाटेवर तुमचा सूट किती कडक इस्त्रीचा आहे याला काडीची किंमत नाही. नायलॉन-पॉलिएस्टर आगीने वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड तसं चिकटत नाही. टाचांच्या सँडलनी घसरगुंडी फाटू शकते. आणि गरम डांबरावर, फुटलेल्या काचांवरून पळायचं तर पायात काहीतरी घट्ट बसलेलं हवं.

म्हणजे स्लिपर्सला माझाही विरोध आहे. डफींचं आणि माझं इथे जमतं, कारणं वेगळी असली तरी. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तरी पायात बूट असावेत, आणि पाय पुढच्याच्या हातावर नसावेत.

या कसोटीवर विमानतळावर सगळ्यात योग्य पोशाख कुणाचा असतो सांगू? टूर कंपनीच्या रंगीत टोप्या घालून घोळक्याने निघालेल्या आपल्या काकू-मावश्यांचा. सुती पंजाबी ड्रेस किंवा वर खोचलेली साडी, त्याखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, वर स्वेटर. त्या बुटांवरून किती विनोद झाले असतील. पण पळायची वेळ आली तर लोफर्स घातलेल्या बिझनेस क्लासच्या पुढे त्या असतील. त्यांच्यात एकच उणीव दिसते. फोन, पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं पर्समध्ये, आणि पर्स वरच्या कप्प्यात, कारण बायकांच्या कपड्यांना आपले शिंपी खिसेच शिवत नाहीत. मावशीच्या पुढच्या ट्रिपच्या ड्रेसला दोन खोल खिसे शिवायला सांगितलेत. शिंपी म्हणतो, फिटिंग बिघडेल.